आई, आज कुठे पूर आला नाही ना?

*प्रिय मावशी,*

*मी ३८ वर्षांची, सिव्हिल इंजिनिअर. पुण्यातल्या एका मदतसंस्थेत पाणी आणि स्वच्छतेचं काम बघते. पूर, दरड, वादळ, काही झालं की दोन दिवसांत बॅग उचलायची आणि दोन-चार आठवडे तिकडेच राहायचं. नवरा कॉलेजात शिकवतो. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहाचा. सासूबाई आमच्याकडेच असतात.*

*आम्हा चौघांना एकच वेड आहे, तंबूत राहायला जायचं. पवना, राजमाची, भंडारदरा. पण गेली तीन वर्षं ठरवलेलं काही पार पडत नाही. २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडी झाली. २०२४ मध्ये १५ ऑगस्टला जोडून आलेली सुट्टी वायनाडला गेली. २०२५ च्या मेअखेरीस काजवे बघायला निघणार होतो, तर पाऊसच लवकर आला आणि बारामती-इंदापूरकडे पाणी शिरलं. मग सप्टेंबरात सीनेला पूर आला. (त्या वेळी पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं, पण मीच म्हटलं, मी जाते.) माढा-मोहोळकडे गेले ती मधले चार दिवस सोडले तर नोव्हेंबर उजाडेपर्यंत तिकडेच. दिवाळीची सहलही बुडाली.*

*परतल्यावर चौथ्याच दिवशी मी हट्टाने सगळ्यांना भंडारदऱ्याला नेलं. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी मुलगी म्हणाली, इथल्या संडासाला आतून कडी नाही, मी जाणार नाही. मी सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले, "तिकडे बायका अंधार पडायची वाट बघत बसतात आणि तुला कडी पाहिजे?" ती म्हणाली, "मग तिकडेच जा ना." मुलगा हल्ली कुठेही निघताना विचारतो, "आई, आज कुठे पूर आला नाही ना?" नवरा म्हणतो, यापुढे मी तिघांचं बुकिंग करतो, तू आलीस तर चौथी. सासूबाई म्हणतात, लोकांची घरं सावरतेस, आपलं कोण सावरणार?*

*ऑफिसात अहवाल आणि निधीचे प्रस्ताव लिहिण्याची टेबलावरची जागा रिकामी झाली आहे. घेऊ का?*

*काजवे हुकलेली, पुणे*

---

अगं काजवेवाली,

टेबलाचं नंतर बघू. आधी कडीचं बोलू.

तुमच्या क्षेत्रात 'स्फिअर' नावाचं एक पुस्तक असतं. आपत्तीत माणसाला कमीत कमी काय मिळालं पाहिजे याची मापं त्यात दिलेली आहेत. माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, २० जणांमागे एक संडास, डोक्यावर छप्पर असलेली माणशी साडेतीन चौरस मीटर जागा. तुला हे सगळं तोंडपाठ असणार. त्याच पुस्तकात आणखीही एक निकष आहे, छावणीतल्या किती संडासांना आतून कडी आहे आणि पुरेसा उजेड आहे हे मोजायचं. हे कुणाच्या लाडाखातर घातलेलं नाही. कडी नसली की बायका आणि मुली दिवसभर पाणी प्यायचं टाळतात, रात्रीपर्यंत अडवून धरतात, दुखणी ओढवून घेतात, हे तूच गावोगावच्या सरपंचांना समजावून सांगत असशील.

आता मला सांग. माढ्याकडच्या एखाद्या शाळेत, जिथे पूरग्रस्तांची सोय केली होती तिथे, अकरा वर्षांची एखादी मुलगी तुझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली असती की ताई, आतून कडी नाही, तर तू काय केलं असतंस? वहीत टिपून घेतलं असतंस. संध्याकाळच्या आत कुणाला तरी पिटाळून कडी-कोयंडा बसवला असतास. तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली असतीस, बरं झालं सांगितलंस. भंडारदऱ्याला तीच मुलगी, तेच वय, तीच तक्रार. नेमकी ती तुझ्या पोटची होती, म्हणून तिला झापलंस.

लेकीने तुझ्याकडून जे शिकायला हवं तेच ती शिकली आहे, फक्त ते तिने स्वतःसाठी मागितलं. म्हणून हे पत्र खाली ठेवलंस की पहिलं काम तिच्याशी बोलायचं. लांबलचक नको. "त्या दिवशी कडीचं तुझं बरोबर होतं, मी चुकले, आणि सगळ्यांसमोर ओरडले ते त्याहून वाईट," एवढंच. त्याच्या पुढे 'पण' लावू नकोस. 'पण तिकडे लोकांचे हाल' हे वाक्य तिने पुष्कळ वेळा ऐकलंय.

तुला झोप का आली नाही, ते मला न सांगताही कळतं. महिनाभर ताडपत्रीखाली राहिलेली माणसं बघून आलीस आणि चौथ्या रात्री पैसे भरून कापडाखाली झोपायला गेलीस. तिकडे मोठ्या पातेल्यात खिचडी शिजते तेव्हा ती शिधा संपत आल्याची खूण असते, इकडे तीच खिचडी चुलीवरची म्हणून जास्त भावाने मिळते. तिकडे टॉर्च हातात असते ती वीज गेलेली असते म्हणून, इकडे मजा म्हणून. तंबूवर दवाचं पाणी ठिबकलं तरी तुझा कान पावसाकडे गेला असेल. गंमत म्हणून सांगते, बाजारात 'चार माणसांचा' म्हणून मिळणारा तंबू साधारण सात फूट बाय आठ फूट असतो. तुमच्या मापाने त्यात जेमतेम दीड माणूस बसतो! म्हणजे तुझ्या हिशेबी तुझं अख्खं कुटुंब त्या रात्री निकृष्ट छावणीत राहत होतं, आणि वर हसत होतं. त्यांचं हसणंच तुला सहन झालं नाही, असं मला वाटतं.

हा अनुभव तुझ्या एकटीचा नाही. मी साताऱ्यात वाढले. माझे वडील बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. आमच्या घरातली भांडी फळीवरून खाली आली, एवढंच मला आठवतं. वडील त्याच दिवशी निघाले आणि कोयनानगर-पाटणकडे पत्र्याच्या शेडी उभारायच्या कामाला लागले. तीन आठवड्यांनी एका दिवसासाठी घरी आले. आईने पुरणपोळी केली होती. त्यांनी ताटाकडे पाहिलं, उठले आणि ओसरीवर जाऊन बसले. माझी समजूत अशी झाली की मी पाटावर बसताना पाणी सांडलं म्हणून ते रागावले. कुणी काही सांगितलं नाही. त्या काळी मुलांना काही सांगायची पद्धतच नव्हती. पुढे कितीतरी वर्षं ते दौऱ्यावरून यायचे त्या दिवशी मी भांडं दोन्ही हातांनी धरून पाणी प्यायची. ते गेले त्याच्या आदल्या वर्षी कधीतरी बोलता बोलता म्हणाले की त्या दिवशी ताटातला तुपाचा वास सोसवला नव्हता. पाण्याचं त्यांना आठवतही नव्हतं.

तू महिनाभर नव्हतीस, हे मुलं निभावून नेतात. परत आलेली आई कुठल्या मूडमध्ये आहे आणि त्यात आपली काही चूक आहे का, हे मात्र त्यांना एकट्याने सोडवता येत नाही. ते तू सांगायला हवंस, तेही आल्या दिवशीच. "मी तिकडे वाईट बघून आले आहे, आठ-दहा दिवस मी गप्प असेन, चिडेनही, त्यात तुमचं काही नाही." सहा वर्षांच्यालाही हे कळतं. न सांगितलेलं मात्र तो आपल्या परीने जोडून घेतो, आणि त्याने ते जोडून घेतलंच आहे. त्याच्या लेखी पूर म्हणजे आईला घेऊन जाणारं कुणीतरी. निघताना तो चौकशी करतो ती त्या माणसाची.

त्याला नकाशा काढून दे. सीना कुठे, आपण कुठे, आई तिकडे जाऊन नेमकं काय करते. विहिरीत गाळ भरला की आधी उपसायची, मग जंतू मारायला टीसीएल पावडर टाकायची, मग पाणी तपासायचं, मगच लोकांनी प्यायचं. मुलांना असलं काम फार आवडतं. बुडालेली जनावरं, रडणारी माणसं हे त्याच्यापर्यंत आणायची गरज नाही. तिकडून रोज एक व्हॉइस नोट पाठव, वीस सेकंदांची. रेंज नसेल तर दुसऱ्या दिवशी दोन पाठव. आणि फोटो पाठवायचा तर तुझ्या चिखलाच्या गमबुटांचा पाठव, तिथल्या माणसांचा नको.

आता तुझ्या पत्रातल्या कंसाकडे येते. मी तीस वर्षं लोकांची पत्रं वाचते आहे आणि कंसातलं आधी वाचायची सवय लागली आहे. 'पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं, पण मीच म्हटलं.' तीन वर्षांतल्या सगळ्या हुकलेल्या सहलींचा दोष तू पावसावर आणि डोंगरावर टाकलास. निदान दिवाळीची सहल तरी सीनेने बुडवलेली नाही. ती तू बुडवलीस. चूक केलीस असं मी म्हणत नाही, कदाचित तिथे तुझ्यासारखं माणूस लागणारच होतं. पण ग्रुपवर निरोप आला की पहिलं 'मी निघते' तुझंच असतं, हे खरं ना? आणि घरी ते कळतं तेव्हा बॅग भरून झालेली असते, हेही?

तिकडे गेलं की तुझ्यावाचून अडतं, सगळे ताई-ताई करतात, प्रत्येक दिवसाला अर्थ असतो. इकडे आलं की गॅस सिलिंडर नोंदवायचा असतो आणि कुणीतरी म्हणतं कडी नाही. कुणालाही तिकडची ओढ लागेल. मला लागली असती. फक्त त्याला नुसतं कर्तव्य म्हणू नकोस, म्हणजे नवऱ्याशी नीट बोलता येईल. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, म्हणजे एनडीआरएफच्या, आज १६ बटालियन आहेत. त्यातली पाचवी तुमच्या तळेगावाजवळ सुदुंबऱ्यालाच आहे. एवढं मोठं दलही कुणा एका माणसाच्या भरवशावर उभं नाही. तुमची संस्था तशी उभी असेल तर तो संस्थेचा दोष आहे, आणि तो भरून काढायची जबाबदारी तुझ्या सहा वर्षांच्या मुलाची नाही.

मग करायचं काय? यादीत नाव असेल तर जा, ती नोकरी आहे. यादीत नाव नसेल तर ग्रुपवर उत्तर देण्याआधी घरी फोन. परवानगी मागायची नाही, विचारायचं. "असं असं आहे, मला जावंसं वाटतंय, या दोन आठवड्यांत तुझ्यावर काय काय पडेल?" त्याचं कॉलेज, मुलांचे डबे, सासूबाईंच्या गोळ्या, सगळं तो सांगेल. ऐकून घे. मग ठरवा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि पूरग्रस्तांचं त्यात काही बिघडत नाही.

कॅलेंडरचं बोलायचं तर तुझ्याइतकं ते कुणाला कळणार? तरीही सहली तू अशा ठरवतेस जणू पाऊस तुला विचारून येतो. तारखा मांडून बघ. मुंबईचा महापूर २६ जुलै २००५. माळीण ३० जुलै २०१४. तळिये २२ जुलै २०२१. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. वायनाड ३० जुलै २०२४. पाचही १९ ते ३० जुलै या बारा दिवसांतले! यातल्या चार ठिकाणी डोंगरच खाली आला. या दिवसांत मुलांना कसलाही शब्द द्यायचा नाही. तसंही भर पावसात घाटात तंबू ठोकायला नेणाऱ्या आईवडिलांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, आणि तू तर ओढ्याच्या पात्रात तंबू लावलेली मंडळी दुरूनच ओळखत असशील. १५ ऑगस्टची सहल हुकली त्याबद्दल मी तरी हळहळणार नाही.

तंबूचे खरे महिने डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. आकाश स्वच्छ, थंडी, चुलीजवळ सरकून बसायला निमित्त. तुझ्याकडेही याच दिवसांत धावपळ कमी असते. भूकंप कधीही होईल हे खरं, पण पूर आणि दरडी तरी नसतात. या तीन महिन्यांतले दोन आठवडे संस्थेला आत्ताच लिहून दे, या दिवसांत माझं नाव पाळीत धरू नका. आणि तोंडी नको, ईमेलने लिही. सोबत आणखी एक माग, परतल्यावरचे पगारी विश्रांतीचे दिवस. ती तुझी रजा नाही, तो कामाचाच भाग आहे. त्या दिवसांत झोपायचं, आंघोळ करायची, बाल्कनीत बसायचं. सहलीला जायचं नाही. चौथ्या दिवशी भंडारदरा ही सहल नव्हतीच, ते तू फेडायला निघालेलं कर्ज होतं. म्हणून तर सगळ्यांनी आनंदात असावं यासाठी तू इतकी अडून बसलीस.

आणि काजवे. मेच्या अखेरीपासून जूनचा पाऊस जोर धरेपर्यंत, म्हणजे हातात दोन-तीन आठवडे. त्यांची वेळ ना तुझ्या हातात, ना माझ्या. २०२५ मध्ये तर मान्सून २६ मेलाच मुंबईत दाखल झाला, नेहमीपेक्षा दोन आठवड्यांहूनही आधी. वादळंही याच सुमाराला येतात. निसर्ग आलं ते ३ जून २०२० ला. त्यामुळे काजव्यांची सहल ठरवायची ती नवरा आणि दोन मुलं अशी. तू आलीस तर चौथी.

हो, नवऱ्याचंच वाक्य म्हणतेय मी. तुला ते लागलं. तुला वाटलं, आपल्याला वगळलं. मला त्यात माणूस थकलेला दिसतो, रागावलेला नाही. दर वेळी मुलांचे चेहरे पडलेले बघायचे, भरलेली बॅग पुन्हा माळ्यावर टाकायची, आगाऊ भरलेले पैसे बुडवायचे, हे सगळं त्याच्या वाट्याला येतं. त्याने यावर उपाय शोधला, आणि त्यात तुझी जागाही ठेवली. वगळायचं असतं तर 'चौथी' म्हणाला नसता. जाऊ दे त्यांना. पहिल्यांदा तुला फार जड जाईल. तू कुठल्यातरी तालुक्याच्या गावी टँकरच्या खेपा मोजत असशील आणि फोनवर तिघांचा फोटो येईल, तंबू वाकडा लावलेला. हसायला शीक. आणि सासूबाईंना एकदा तरी विचार, तुम्ही येता का भंडारदऱ्याला? आपलं कोण सावरणार असं विचारणाऱ्या माणसाला कधीकधी फक्त विचारलेलं हवं असतं.

टेबलाची जागा आत्ता घेऊ नकोस. वाईट जागा आहे म्हणून नव्हे. अहवाल नीट लिहिले नाहीत तर गाळ उपसायच्या पंपाला पैसे कुठून येणार? एक दिवस तू तिथे जाशील आणि ते काम चांगलंही करशील. पण आत्ता गेलीस तर लेकीने 'तिकडेच जा ना' म्हटलं म्हणून गेलीस असं होईल, आणि कुठल्यातरी दिवशी भांडणात तुझ्या तोंडून निघेल, तुमच्यासाठी मी सोडलं. अकरा वर्षांच्या मुलीच्या अंगावर हे ओझं टाकू नकोस. या पावसाळ्यात मी सांगितलं तसं करून बघ. दिवाळीनंतरही जागा रिकामी असली आणि तुझी तुलाच ती हवीशी वाटली, तर घे.

एक गोष्ट मात्र लांबवू नकोस. झोप येत नाही, पावसाच्या आवाजाने दचकायला होतं, घरच्यांवर विनाकारण भडका उडतो, हे परतून महिना झाल्यावरही चालूच असेल तर समुपदेशकाकडे जा. संस्थेत सोय असेल तर तिथे, नसेल तर सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा आहे, १४४१६ वर फोन केला की मराठीतही बोलता येतं. तू लोकांना पाणी उकळून प्या म्हणतेस तेव्हा ते भित्रे आहेत असं तुझ्या मनात नसतं ना? तसंच हे.

काजव्यांना जाताना टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद लावायला मुलाला सांगून ठेव. हिरड्या-बेहड्याच्या झाडाखाली पांढरा झोत पडला की त्यांची लुकलुक बिघडते. ते काम त्याचं.

आणि कॅम्पवाल्याला आधीच फोन करून विचारायचं, संडासाला आतून कडी आहे का, बाहेर दिवा आहे का. तो फोन लेकीला करू दे.

तुझी,
मावशी